नेम धरायला आडनाव लागतं का?

गेल्या महिन्यात मी बंदूक विकत घेतली. वस्तीत ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने आधी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेऊन एकच प्रश्न विचारला, "कोणाशी काही झालंय का?" कोणती घेतली, कितीला पडली, नेम कसा लागतो, हे एकानेही विचारलं नाही. मी मोटारसायकल घेतली असती तर याच लोकांनी आधी ॲव्हरेज विचारलं असतं. आपल्या माणसाच्या हातात बंदूक म्हटली की ती एकतर भांडणाची असणार, नाहीतर पोलिसांच्या पंचनाम्यातली. तिसरी शक्यता आपल्याच डोक्यात येत नाही. ती शक्यता आपल्या डोक्यातून कोणी काढून टाकली, याचा हिशेब मांडायला हा लेख लिहितोय.

आधी गैरसमज दूर करतो. घेतली ती एअर रायफल आहे. 0.177 इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. आत दारू नाही, स्प्रिंगने दाबलेली हवा छर्रा ढकलते. 2016 च्या शस्त्र नियमांनंतर, बोअर एवढाच आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल तर अशा रायफलीला परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. पण ते खेळणं नव्हे. जवळून डोळा फोडू शकतं, म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा की नळीचं तोंड माणसाकडे वळवलं की त्या दिवशी घरी जायचं. वय, पद, देणगी काही विचारात घेतलं जात नाही.

दुकानाचं आणि शहराचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दुकानदाराचा नाही. माझ्या आधी एक गृहस्थ आले होते. त्यांना "या दादा" झालं, चहा आला, तीन रायफली काउंटरवर मांडल्या गेल्या, खांद्याला लावून बघा म्हणून आग्रह झाला. माझी पाळी आली तेव्हा आधी आधार कार्ड मागितलं. त्याने आडनाव वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कशासाठी पाहिजे?" म्हटलं, नेमबाजीसाठी. "शेती आहे का?" नाही. "मग?" त्या "मग" मध्ये सगळं आलं. शेती असती तर रानडुकरं हाकायला, वाडा असता तर राखायला. दोन्ही नाही तर तुझं आणि बंदुकीचं नातं काय? मी शांतपणे सांगितलं की नातं दहा मीटरचं आहे. त्याला कळलं नाही, पण रायफल दिली, कारण पैसे रोख होते. अकरा जणांच्या वर्गणीचे, पंधरा हजारांच्या आसपास.

आता चाचणीबद्दल, कारण ज्यांना खरंच शिकायचंय त्यांना याचा उपयोग आहे. जालना सळईचं गाव. आपल्या कितीतरी लोकांची पोटं भंगारावर आणि रोलिंग मिलवर चालतात. अशाच एका समाजबांधवाने भंगाराचं गोडाऊन रविवारी सकाळी वापरायला दिलं. एका भिंतीशी जाड पत्रा पंचेचाळीस अंशांत कलता उभा केला, म्हणजे छर्रा आदळून खाली वाळूच्या ट्रेमध्ये पडतो, उलटा येत नाही. मागे जुनी सतरंजी लटकवली. टेपने दहा मीटर मोजले आणि खडूने रेघ मारली. एवढंच आमचं शूटिंग रेंज. त्या रेघेपुढे रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघितल्याशिवाय कोणी जात नाही, आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय कोणी चाप ओढत नाही.

पहिले दहा-पंधरा बार धुराचे निघाले. कारखान्यातलं तेल नळीत असतं, ते जळतं, वास येतो, छर्रा वाटेल तिकडे जातो. नवीन माणूस इथेच घाबरतो आणि रायफल खराब निघाली म्हणतो. ते तेल संपेपर्यंत निकाल बघायचाच नाही. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारले. एका डबीतल्या छर्ऱ्यांचा गट रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला, दुसऱ्या, स्वस्त डबीतल्यांचा हाताच्या पंज्याएवढा पसरला. नेमबाज तोच, रायफल तीच, फरक छर्ऱ्याचा. माशी थोडी डावीकडे होती, ती स्क्रूने बसवली. चाप मात्र जड आणि लांब आहे, ओढताना मध्येच अडखळतो. स्पर्धेच्या रायफलीचा चाप केसाने ओढावा तसा सुटतो म्हणतात. आमचा विहिरीचा दोर ओढल्यासारखा. स्प्रिंगच्या रायफलीला आणखी एक खोड असते. छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतलं वजन पुढे-मागे उसळतं, म्हणून तिला घट्ट आवळून धरलं की नेम चुकतो. हातावर अलगद ठेवावी लागते. हे आमच्यातल्या हमाली करणाऱ्या दोन धिप्पाड पोरांना जमेना, आणि दहावीतल्या एका मुलीला तिसऱ्या रविवारी जमलं.

यानंतर आक्षेप सुरू झाले. त्यातला प्रतिष्ठित आक्षेप असा: बाबासाहेबांनी पेन दिलं, बंदूक नाही. म्हणणारे बहुतेक सेवानिवृत्त आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हे वाक्य जितकं गोड वाटतं तितकं ते इतिहासाला धरून नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. 1892 मध्ये इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत आपल्या पूर्वजांनी अर्जामागून अर्ज केले, ते कशासाठी? 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते काय बघायला? दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे कोणाचा पाठपुरावा होता? आणि 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात त्यांनी स्वतः विचारलं आहे की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचं उत्तर असं की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती तिन्हींपासून तोडलं होतं, म्हणून त्यांना उठता आलं नाही. तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. आपण त्यातली एक उचलली, दुसरीसाठी आरक्षण मागितलं आणि तिसरीबद्दल बोलायचं सोडून दिलं.

पण म्हणून "शस्त्र हा आमचा हक्क" अशी आरोळी ठोकणाऱ्यांनीही बाबासाहेबांना गृहीत धरू नये. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा विरोध केला तो बाबासाहेबांनी. वाटेल त्याला बाजारात जाऊन शस्त्र घेता आलं तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच उत्तरात त्यांनी म्हटलं की आग्रह धरायचाच तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. देशावर प्रसंग आला तर प्रत्येकावर ते कर्तव्य टाकता आलं पाहिजे. शस्त्र काही जातींची मिरासदारी नको, तशी प्रत्येकाच्या कमरेलाही नको. आज अनुच्छेद 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याच्या हक्कात.

20 मार्च 1927 चा दिवस आठवा. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, ज्यांना हत्यार कसं धरायचं हे शिकवावं लागत नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने संयम पाळला तर तो नाइलाज असतो. महाडचा संयम शस्त्र माहीत असलेल्यांचा होता, म्हणून त्याला किंमत आहे.

दुसरा आक्षेप धम्माचा. पाणातिपाता वेरमणी म्हणता आणि बंदूक चालवता? कागद मेला तर शील मोडत नाही, हे एक उत्तर. पण गंभीरपणे बघायचं तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून मांडला आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक केला आहे. त्या गोडाऊनमध्ये मारण्याची इच्छा घेऊन आलेल्या माणसाचा नेम लागतच नाही, हा आमचा रोखठोक अनुभव. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, छातीचा ठोका ऐकायचा, दोन ठोक्यांच्या मध्ये चाप सोडायचा. ज्यांनी विहारात बसून आनापान केलंय त्यांना हे लवकर जमतं. (आमच्या उपासकांपैकी एक आजोबा चष्मा पुसून बसले आणि चार रविवारांत पोरांना मागे टाकलं. आता ते सगळ्यांना पंचशील शिकवतात की नेमबाजी, हे सांगणं अवघड आहे.)

स्पर्धेतल्या दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका किती मोठा असतो माहीत आहे? अर्धा मिलिमीटर. असे साठ बार सव्वा तासात मारायचे. अंगमेहनतीच्या कामाने आपल्या पोरांच्या अंगात जी सहनशक्ती आणि स्थिरता आलेली असते ती इथे कामाला येते. मग या खेळात आपण का दिसत नाही? कारण खेळाडूला लागणारी परदेशी रायफल दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते, अंगावरचं जाड जाकीट वेगळं, छर्रे वेगळे, आणि चांगलं रेंज इथून जवळपास तीनशे किलोमीटरवर पुण्यात बालेवाडीला. 2008 साली बीजिंगला सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरीच रेंज होतं. त्याच्या कष्टांबद्दल शंका नाही, पण घर दिसतंच. दुसरीकडे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्य घेतलं, आणि खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं. तो घडला तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून. म्हणजे सरकारने हात दिला की खेड्यातलं पोरगं ऑलिम्पिकला जातं. मग तो हात जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपर्यंत का येऊ नये? परतूर, मंठा, जाफराबादच्या वस्त्यांत समाजमंदिरं कुलूपबंद पडली आहेत. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. एक लांब खोली, एक पत्रा, चार रायफली आणि एक मानधनावरचा प्रशिक्षक. अनुसूचित जातींसाठीच्या निधीतून रस्ते आणि गट्टूच बसवायचे, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

आणि प्रशिक्षकावरून आठवलं. 1985 पासून या देशात उत्तम प्रशिक्षकाला जो पुरस्कार देतात त्याचं नाव द्रोणाचार्य. धनुर्विद्या शिकवायला नकार देऊन वर अंगठा मागणाऱ्याच्या नावाने! खेळाडूंना अर्जुन. एकलव्याचं नाव कुठे दिलं? आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना. ज्याने नामकरण केलं त्याला विनोद करायचा नव्हता, हेच जास्त भयंकर आहे.

आता खऱ्या बंदुकीकडे येऊ, जिला परवाना लागतो. 1857 नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र केला आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आणला. गोऱ्यांना सूट, बाकीच्यांना परवाना, आणि परवाना कोणाला तर इनामदार, जहागीरदार, सरकारचा भरवशाचा माणूस. 1959 चा स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा मात्र वेगळं बोलतो. त्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलंय की केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणाने कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि कलम 18 खाली अपील करता येतं. हे किती जणांना माहीत आहे? त्या दुकानदाराच्या "शेती आहे का?" ला कायद्याने 1959 सालीच उत्तर देऊन ठेवलंय.

पण सातबारा मागच्या दाराने आत येतोच. कलम 13 नुसार पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. अर्जाला जमिनीचे कागद जोडावे लागतात. आता गायरानावर दोन पिढ्या कसणारा आपला माणूस घ्या. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची असं सरकारने ठरवलं, आणि तरी सातबाऱ्यावर नाव चढावं म्हणून लोक अजून चपला झिजवताहेत. रानडुकरांचा कळप आणि रोही त्याच्या मक्यात शिरताना सातबारा बघत नाहीत. बागायतदाराच्या मोसंबीत घुसले तर बंदूक, गायरानात घुसले तर थाळी वाजवा. (रानडुक्कर मारायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते, तो भाग निराळा. इथे प्रश्न आहे की अर्ज करायच्या रांगेत तरी उभं राहता येतं का.)

आपल्यातले काही पुढारी दरवेळी अत्याचार झाला की "दलितांना शस्त्र परवाने द्या" म्हणून पत्रकार परिषद घेतात. त्यांनी नियम पूर्ण वाचावा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995, नियम 3. अत्याचारप्रवण भागात सरकारने काय करायचं याची ती यादी आहे. तिचा क्रम बघा. आधी, गरज वाटल्यास, त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. मग बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि त्यानंतर, गरज वाटल्यास, आपल्या लोकांना परवाने द्यायचे. पुढारी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, कारण तिच्यात टाळ्या आहेत. पहिल्या पायरीबद्दल तोंड उघडायचं तर गावातल्या ज्याच्यासोबत युती आहे त्याच्याच कमरेला हात घालावा लागतो.

खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारायला बंदूक लागली नव्हती. काठ्या, कुऱ्हाडी आणि गावाचं मौन पुरलं. म्हणून मला कोणी सांगू नये की घराघरात पिस्तूल आलं की अत्याचार थांबतील. एका घरात एक पिस्तूल आणि बाहेर दोनशे माणसं, यात पहिली केस कोणावर होणार हे शेंबडं पोरही सांगेल. बंदुकीचं खेड्यातलं काम गोळी झाडण्याचं नसतंच. ती ग्रामसभेत शर्टाच्या आडून दिसली पाहिजे, वरातीत हवेत वाजली पाहिजे, गायरानाच्या मोजणीच्या दिवशी बांधावर उभी राहिली पाहिजे. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर 2024 च्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं बाहेर आलं आणि हवेत गोळीबाराचे व्हिडिओ फिरले. मग त्यातले कित्येक परवाने रद्द करावे लागले. म्हणजे रद्द करता येतात! सरपंचाचा खून होऊन अख्खा महाराष्ट्र पेटेपर्यंत ते कोणाला का सुचलं नाही?

आणि आपल्या पोरांनाही दोन शब्द. जयंतीला तलवारीने केक कापायचा, गावठी कट्टा कमरेला खोचून रील टाकायचं, खाली "वाघ" लिहायचं. ही नक्कल कोणाची आहे? ज्याच्या बापजाद्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच्या रुबाबाची. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि विनापरवाना कट्ट्याला त्याहून जास्त. त्याच्या पोराचा जामीन दुपारपर्यंत होतो, तुझ्या आईला वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. दसऱ्याला नागपुरात एकीकडे शस्त्रपूजा होते आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर लाखो माणसं वह्या-पुस्तकं घेऊन घरी जातात. हत्याराची पूजा आपण सोडली ती 14 ऑक्टोबर 1956 ला. पूजा सोडली म्हणजे शिकायचं सोडलं असं नाही, आणि शिकलो म्हणजे मिरवायचं असंही नाही. आमची रायफल रविवारी अकरा वाजता पुसून, कपाटात, दोन चाव्यांच्या कुलपात जाते. शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी चहाला हात लावत नाही. तिचा एकही फोटो अजून कोणी टाकलेला नाही.

करायचं काय ते सांगतो. नियम 17 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व सनियंत्रण समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायलाच हवी. आपल्या तालुक्यातून तिच्यावर कोण सदस्य आहे ते शोधा आणि त्यांच्या हातात लेखी प्रश्न द्या: जिल्ह्यात एकूण शस्त्र परवाने किती, त्यांपैकी स्वसंरक्षण, पीकसंरक्षण आणि खेळ यांसाठी किती, अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना किती दिले, किती नाकारले, आणि नाकारल्याची लेखी कारणं काय, नियम 3 खाली 1995 पासून आजवर किती परवाने रद्द केले, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असलेल्या किती जणांकडे आजही परवाना आहे. हेच प्रश्न माहिती अधिकारात स्वतंत्रपणे टाका, म्हणजे समितीत उत्तर टाळलं तरी कागद हातात राहील. क्रीडा अधिकाऱ्यांकडे समाजमंदिरातल्या रेंजसाठी अर्ज द्या, सोबत मुलींची नावं आधी लिहा. अर्जाचे नमुने माझ्याकडे तयार आहेत.

ज्यांना बघायला यायचंय त्यांनी रविवारी सकाळी आठला यावं. छर्ऱ्यांची डबी आणायची असेल तर स्वस्तातली आणू नका, पंज्याएवढा गट पडतो.

जय भीम.